मिक्काच्या हातचं वीस तारखेचं जेवण

अथेन्सच्या वेशीबाहेर आमची बाग आहे. सुख हेच आयुष्याचं सार, असं आमचे गुरुजी शिकवतात, आणि तेवढ्यावरून गावाने आमचं नाव पार धुळीला मिळवलंय. आत म्हणे दारूचे पाट वाहतात! पंधरा वर्षं मी इथे राहतोय. पाट वाहतो तो कांद्याच्या वाफ्यातून.

आमची चूल मिक्काकडे. विधवा बाई, हाताला चव आणि जिभेला धार. भावाची आईवेगळी पोर, मिर्तो, तिनेच लहानाची मोठी केली. यंदा मिर्तोचं लग्न ठरलं. आमच्यात नवरीच्या वरातीत मशाल धरायची ती तिच्या आईने, म्हणजे इथे मिक्काने. पण नवऱ्या मुलाचा बाप खारेस अडून बसला. "त्या बागेतली बाई माझ्या वरातीत नको. लोक काय म्हणतील?"

 तिसऱ्या दिवशी मिक्काने खारेसला निरोप धाडला, "वीस तारखेला जेवायला या आणि डोळ्यांनी बघा." दर महिन्याच्या वीस तारखेला आमच्याकडे मालक, गुलाम, बायका, सगळे एका पंगतीला बसतात.

त्या दिवशी सकाळीच तिचा भाऊ थ्रासोन हातभर लांब वाम घेऊन हजर. बाजारातली सगळ्यात महाग मासळी.

"ताई, ही रांध. व्याही खूश झाला पाहिजे."

"अक्कल गहाण टाकलीस का रे? ही वाढली की त्याच्या मनातलं सगळं खरं ठरेल."

"आणि मसूर वाढलेस तर अपमान होईल!"

"होऊ दे. रोज रांधते तेच रांधणार. ने ती परत."

वाम परत गेली. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

खारेस आला तो नाक मुरडतच. रोज मेजवान्या झोडायच्या आणि रात्रभर पोट धरून बसायचं, हा त्याचा लौकिक. मिक्काने त्याला मुद्दाम आमच्या गुलाम माळ्याशेजारी बसवलं. पुढ्यात मसुराचं कालवण, जवाची भाकरी, चीजचा तुकडा, पाणी घातलेल्या वाइनचा एकच प्याला. आधी तो अवघडला. मग माळ्याने अंजिराच्या कलमाचं काहीतरी काढलं, तेव्हा बोलू लागला आणि बोलता बोलता कालवण दोनदा मागून घेतलं.

हात धुताना म्हणाला, "जेवण झालं. आता ते तुमचं सुख कुठाय, ते दाखवा."

"पोट दुखतंय?" मिक्काने विचारलं.

"नाही."

"भूक राहिलीय?"

"छे!"

"कशाची भीती वाटतेय?"

खारेस ओले हात पुसत राहिला. मग म्हणाला, "लोकांची."

"मग तुमचं सुख तेवढ्यावरच अडलंय. आणि ते काही माझ्या चुलीवर शिजत नाही."

तो निघून गेला. मिक्काने भांडी इतकी आदळली की एक फुटलंच.

वरातीच्या संध्याकाळी ती गर्दीत पार मागे उभी होती. मिर्तो गाडीत बसली, पण गाडी हलेना. खारेस मशाल पेटवून गर्दीतून वाट काढत सरळ मिक्कापाशी आला आणि ती तिच्या हातात दिली.

"चला, विहीणबाई," तो म्हणाला, "आणि जरा उंच धरा. लोकांना दिसू दे."