साडूपेक्षा एक आकडा जास्त

व्हिडिओ एडिटिंगसाठी मी लॅपटॉप घेतला आणि घेताना त्याचा स्क्रीन बघितला नाही. कीबोर्ड बघितला.

त्यातून मी रंगवाला. नाशिकरोडला माझं रंगाचं दुकान आहे आणि गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना रोज एकच गोष्ट ऐकवत असतो : "शेडकार्ड बाहेर उजेडात नेऊन बघा हो. इथं ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं." असल्या माणसानं डोळे झाकून खरेदी केली, याचं कारण माझा साडू.

साडू माणूस वाईट नाही. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर चारचौघांत नावं तरी ठेवता आली असती. सातपूरच्या कारखान्यात नोकरी, आवाज मऊ, आणि सासुरवाडीला जेवण झालं की हा पठ्ठ्या स्वतःचं ताट स्वतः उचलतो. मग सगळे माझ्या ताटाकडे बघतात.

गेल्या दिवाळीला आम्ही दोघे जावई मनमाडला सासऱ्यांकडे जमलो होतो. त्यानं सासूबाईंच्या फराळाची छोटीशी फिल्म करून टीव्हीवर लावली. चकली तेलात पडते, बुडबुडे येतात, सासूबाई पदरानं कपाळ पुसतात. संपली फिल्म. पण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी! त्याच सकाळी मी त्यांना येवल्याहून आणलेली पैठणी दिली होती. तिच्यावर त्यांचा अभिप्राय होता, "कशाला उगाच."

पुढे सासऱ्यांची पंच्याहत्तरी जवळ आली, तेव्हा आम्ही पुन्हा मनमाडला जमलो. सासरे रेल्वेत गार्ड होते. सगळा जन्म शेवटच्या डब्यातून हिरवा नि लाल बावटा दाखवण्यात गेला. "यांच्यावर एक फिल्म करा ना," सासूबाई धाकट्या जावयाकडे बघून म्हणाल्या, आणि तो तोंड उघडायच्या आत मी बोलून बसलो, "ही मी करणार. मान थोरल्याचा."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. शेवटी बायकोनं विचारलं, "तुम्हाला येतं?"

"त्यात काय यायचंय? चित्रं एकापुढे एक लावायची."

घरचा कॉम्प्युटर दुकानाची बिलं काढतानासुद्धा धापा टाकायचा, तेव्हा लॅपटॉप घेणं आलंच. साडूचा लॅपटॉप मला पाठ होता : राखाडी, सडपातळ, त्याच्यासारखाच सज्जन दिसणारा. नाशिकला परतल्यावर मी त्याला फोन लावला.

"सहज केला हो फोन. तुमच्या लॅपटॉपला रॅम किती?"

"सोळा, दादा. पुरते तेवढी. पण स्क्रीन तेवढा नीट पारखून घ्या. रंग खरे दाखवणारा हवा, नाहीतर फसायला होतं."

फोन ठेवला आणि बायकोकडे वळलो. "ऐकलंस? मला रंग शिकवतोय. मला! खरी मेख वेगळीच असणार, ती दाबून ठेवली लबाडानं."

"तुम्ही विचारलंत त्याहून जास्तच सांगितलं त्यांनी."

"तू बहिणीच्या नवऱ्याचीच बाजू घेणार."

कॉलेज रोडच्या दुकानात एक शांत स्वभावाची बाई होती. एडिटिंगसाठी हवाय म्हटल्यावर तिनं काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. एक राखाडी, अगदी साडूचा भाऊ शोभावा असा. म्हणजे तो बाद. दुसरा काळा, जाडजूड, आणि त्याच्या कीबोर्डखालून लाल, निळे, जांभळे दिवे पळत होते. गणपतीच्या मंडपाची रोषणाईच म्हणा ना.

"याला रॅम किती?"

"बत्तीस. पण काका, हा गेम खेळणारी मुलं नेतात. वेग दोन्हींना भरपूर आहे. फरक स्क्रीनमध्ये आहे. थांबा, दोन्हीवर एकच व्हिडिओ लावते, तुम्हीच बघा."

तिनं लावला. मी बघितला नाही. मी त्या वेळी पळत्या दिव्यांचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकत होतो. खाली लिहिलं, 'बत्तीस'. साडूचा अंगठा लगेच आला. तो अंगठा मी कितीदा उघडून पाहिला! नुसता अंगठा? जळला असणार. नसेल जळला तर लॅपटॉप आणखी मोठा घ्यायला हवा होता.

काम मात्र मी मनापासून केलं, हे सांगायला हवं. मनमाडला जाऊन बायकोच्या फोनवर सासऱ्यांचं शूटिंग केलं, त्यांना बोलतं केलं. ते म्हणाले, "पुढं काय आहे ते ड्रायव्हर बघायचा. मी सगळी नोकरी मागं बघत केली. सुटलेलं गाव लहान होत जाताना माझ्याइतकं कुणी बघितलं नसेल." शिट्टी वाजवून दाखवली, जुना हिरवा बावटा ट्रंकेतून काढून हलवला. हे साडूला साधलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

एडिटिंगला बसलो की लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घरघरायचा. स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, बंद करा ते, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत!" पण वेग असा की विचारू नका. अडचण एकच होती. सगळं फिकं दिसायचं. सासऱ्यांचा चेहरा राखुंडी फासल्यासारखा, हिरवा बावटा धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलसारखा.

"फोनवर तर छान दिसत होतं," बायको म्हणाली.

"फोन खोटं दाखवतो. हे बत्तीसचं मशीन आहे."

गिऱ्हाईक 'जरा गडद हवा' म्हणालं की दुकानात आम्ही डब्यात रंगाचे दोन थेंब वाढवतो. तसे इथं वाढवत गेलो. फिल्मभर वाढवले. सासऱ्यांच्या गालांवर तजेला आला, सासूबाईंची पैठणी झळकली. हो, तीच. त्यांना मुद्दाम नेसायला लावली होती. फिल्म एकदा आमच्या टीव्हीवर लावून बघू, असं बायको म्हणत होती. पण बायकोनं ती टीव्हीवर पाहिली की बहिणीला सांगणार, बहीण नवऱ्याला सांगणार. मी फिल्म पेनड्राइव्हवर घेतली आणि पेनड्राइव्ह खिशात.

समारंभाला मनमाडचा हॉल भरला होता. सासरे नव्या टोपीत खुशीत होते. माझा हात धरून एकेकाकडे नेत होते. "हे थोरले जावई. नाशिकरोडला रंगाचं दुकान. आज फिल्म यांचीच." त्यांच्या एका भाच्याला घर रंगवून घ्यायचं होतं, त्याला म्हणाले, "जेवणं झाली की यांचा नंबर देतो. रंगातलं यांना विचारायचं." साडू तिकडे कोपऱ्यात वायरी जोडत बसला होता. इतकं बरं वाटलं त्याला वाकलेला बघून!

मोठ्या टीव्हीवर पहिलं चित्र आलं आणि साडू माझ्या कानाशी लागला. "दादा, टीव्हीचा रंग थोडा उतरवू का?"

"हात लावू नका. आहे तसं चालू द्या."

आहे तसं चाललं. सासऱ्यांचे गाल बीट किसून लावल्यासारखे. पैठणीकडे बघवेना. घराच्या भिंतीचा क्रीम रंग माझ्याच दुकानातून गेलेला, त्याचा झाला होता आंब्याचा रस. सासरे पडद्यावर सुटलेल्या गावांबद्दल बोलत होते आणि त्यांच्या हातात पोपट फडफडत होता. तो बावटा होता. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी काळजीनं विचारलं, "यांना गोवर उठला होता का गं?" मग जे हसू फुटलं त्यात गावं, शिट्टी, सगळं वाहून गेलं.

साडूनं मला न विचारता रिमोट उचलला. दोन-चार बटणं दाबली. गाल उतरले, भिंत शुद्धीवर आली, पोपटाचा पुन्हा बावटा झाला. लोक गप्प झाले आणि सासऱ्यांचा आवाज ऐकू यायला लागला. शेवटी टाळ्या पडल्या आणि सासूबाईंनी डोळे पुसले. मग हातातला रुमाल तसाच धरून त्या म्हणाल्या, "धाकटे होते म्हणून निभावलं."

शूटिंग माझं, लॅपटॉप माझा, पैठणी माझी. टाळ्या रिमोटला.

पंगतीला मी साडूपासून लांबची जागा धरली. जेवण झाल्यावर त्यानं ताट उचललं. मीही उचललं, तेवढ्यात सासरे समोर आले आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"बोलणं छान घेतलंत माझं," ते म्हणाले. चला, निदान ज्यांच्यासाठी केली त्यांना तरी कळलं.

पलीकडे भाचा हातात फोन घेऊन उभा होता. सासऱ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तेवढा तुमचा नंबर मात्र त्याला देत नाही. त्याला त्या घरात राहायचंय."