हाड धुवायचं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात मी तिथल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. फिल्म धुवायला पाणी लागायचं आणि नळ कोरडे. म्हणून हाड तपासायला येणाऱ्यानं घरूनच पाणी आणायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता. मला त्या हुकमाची चीड यायची, पण पाळायला लावायचो मीच.

अहमदपूरची एक म्हातारी भरली कळशी मांडीवर धरून एसटीनं आली. मी तिचा पंजा फिल्मवर ठेवला आणि शेजारी ॲल्युमिनियमची पायऱ्यापायऱ्यांची पट्टी. हाड जितक्या जाड पायरीसारखं पांढरं दिसेल, तितकं ते भरीव. मी फिल्म धुताना ती दारातून टक लावून बघत होती.

"हाड थोडं विरळ झालंय मावशी, पण सावरेल," डॉक्टर म्हणाले.

मी उरलेली अर्धी कळशी तिच्यापुढे ठेवली. बाकावर एक बाई बसली होती. पाणी आणलं नाही म्हणून तिला मी नुकतंच, म्हातारीदेखत, परत जायला सांगितलं होतं. म्हातारीनं कळशी माझ्याकडं सरकवली.

"माझं हाड धुऊन झालं न्हवं? आता तिचं धू. रिकामी कळशी मला बी न्यायला हलकी."