ओलेत्याने लिहिलेला पेपर

अनुसयाबाई वर्गात यायच्या त्या कोणाशी तरी भांडतच. आधी व्हरांड्यात आवाज यायचा, मग बाई. ज्याच्याशी भांडण, तो माणूस बहुधा हजर नसायचाच. दूधवाला, पोराचे मास्तर, नाही तर आलापल्लीकडे लाकडाच्या डेपोवर नोकरीला असलेले यजमान, यांपैकी कोणाला तरी त्या वाटभर झाडत आलेल्या असायच्या, आणि उरलेली दोन वाक्यं आमच्या बाकावर बसून पूर्ण करायच्या. मग पदराने घाम पुसून विचारायच्या, "हं, निर्मला, काय सांगतलं सरांनी?"

ही एकोणीसशे पन्नासनंतरच्या चांद्यातली, म्हणजे आजच्या चंद्रपुरातली गोष्ट. कॉलेज नवंनवं होतं. इंटरच्या वर्गात आम्ही दोघी मुली आणि तीन लेकरांची आई असलेल्या या बाई. वडील शाळामास्तर म्हणून लग्नाआधी मॅट्रिक झालेल्या, पुढे सगळी वर्षं चुलीपाशी गेलेली. यजमानांनी अट घातली होती. इंटर झालीस तर मुलींच्या शाळेतली नोकरी धर आणि पोरांना घेऊन चांद्यात राहा. नापास झालीस तर गाशा गुंडाळून डेपोवर यायचं. डेपो रानात आत, तिथे चौथीच्या पुढे शाळा नव्हती. दिवाकर सातवीत होता, शकू पाचवीत. म्हणजे परीक्षा बाईंची आणि निकाल पोरांचा.

त्या पोरांनीही आईला उसंत दिली नाही. दिवाकरला पोहण्याच्या शर्यतीचं वेड. तो रामाळा तलावात हात मारायचा आणि बाई पायऱ्यांवर बसून मोठ्याने तर्कशास्त्र वाचायच्या. पोराचं डोकं पाण्याखाली जरा जास्त वेळ राहिलं की वाक्य तिथेच थांबायचं. डोकं वर आलं की आधी एक शिवी आणि मग पुढचं वाक्य. शकू संमेलनातल्या नाटकात होती, तिच्या तालमी संध्याकाळी. आणि धाकट्या बबनला बालवर्गाच्या मास्तरणीने पोपट केलं होतं.

"पोपटाचे पंख घरून करून आणा म्हणते!" बाई बाकावर आदळल्या. "मी पुस्तक वाचू का हिरवा कागद कापू? या मास्तरणीले कोणी पोपट कराले सांगतलं होतं? कावळा केला असता तं छत्रीच्या कापडात भागलं असतं." त्या दिवशी त्यांनी अख्खा तास बाकाखाली पंख कातरले. मी हसू दाबत होते. बाई हसत नव्हत्या. त्या खरोखर संतापलेल्या होत्या आणि पंख मात्र फार सुबक झाले होते.

तर्कशास्त्राचे सर त्यांना उशिराबद्दल रोज टोचायचे. एकदा भर वर्गात म्हणाले, "बाई, घर सांभाळायचं की कॉलेज, काय ते एकदा ठरवा."

"सर, तुमाले लेकरं किती?"

"चार. त्याचं इथे काय?"

"मंग तुमी काऊन नाई ठरवलं?"

पोरं बाकं बडवून हसली. सर ते कधी विसरले नाहीत. मी बाईंना नंतर म्हटलं, कशाला तोंड टाकलंत, उद्या मार्क कापतील. त्या म्हणाल्या, "पोरी, मले राग येते म्हणून मी चालून राह्यली. नाई तं केव्हाच खाली बसली असती."

आता जे सांगायचं आहे ते लिहितानाही माझी कानशिलं तापतात.

चैत्रात महाकालीची यात्रा भरली आणि त्याच सुमारास आमची परीक्षा आली. बाईंचं बिऱ्हाड देवळापासून जवळ. छोट्या लाईनच्या गाडीतून सिंदेवाहीकडचं सारं सासर उतरलं. सासू, दीर, जावा, त्यांची पोरं. यजमानही रजा काढून आले. पौर्णिमेला तर्कशास्त्राचा पेपर, म्हणून आदल्या दुपारी मी बाईंकडे उजळणीला गेले, तर बाई एवढ्या गोताचा भात उपसत होत्या आणि पुस्तक फडताळावर उघडं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी जाहीर केलं.

"सूनबाई, तुह्यासाठी नवस बोलली मी. तू पास व्हावी म्हणून. पुनवेच्या सकाळी झरपट नदीत आंघोळ करशीन, ओलेत्यानं देवळात जाशीन, तुह्या हातचा नैवेद्य ठेवशीन."

"आत्याबाई, पुनवेले माहा पेपर आहे."

"म्हणूनच तं त्या दिवशीचा बोलली!"

"अवो, नवस पास झाल्यावर फेडतात."

"सारे मागूनच फेडतात. देवी कोणाकोणाचं ध्यानात ठेवीन? आधी फेडला का ती बांधली जाते."

बाईंच्या हातातला झारा परातीत आपटला. "पेपरात पास व्हावं म्हणून पेपरच सोडून देऊ? हे कोणत्या शास्त्रात बसते?"

यजमान म्हणाले, "आईनं चांगल्या मनानं बोललं. एका सकाळचा तं सवाल आहे."

"तुमच्या मायनं बोलला, तुमी फेडा. तुमी भिजा!"

मग सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बबनवर कोप झाला तं मले नको म्हणू."

बबन आदल्या साली देवीच्या आजारातून कसाबसा उठला होता. गालांवर वण तसेच होते. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि परातीतला झारा पुन्हा उचलला. साऱ्या जगाला तोंड देणारी बाई, पोराच्या नावाने गप्प केली. भीती दाखवून काम करून घ्यायचं आणि वर त्याला चांगलं मन म्हणायचं! मी तिथून उठून निघून आले, कारण बसले असते तर काहीतरी बोलले असते.

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू व्हायची वेळ झाली तरी बाईंची जागा रिकामी. मी प्रश्नपत्रिका उलटी ठेवून दाराकडे बघत होते. दार लोटायला शिपाई निघाला आणि बाई आल्या. लुगडं अंगाला चिकटलेलं, केसांतून पाणी, कपाळावर मळवट. मागाहून कळलं, यात्रेच्या गर्दीत रांग हलत नव्हती. उन्हाने लुगडं वाळायला लागलं, तर सासूबाईंनी रांगेतच वरून तांब्या ओतला होता. घरी जाऊन बदलायला वेळच उरला नव्हता.

पहाऱ्याला नेमके तर्कशास्त्राचे सर. "हे काय? घरी जाऊन कपडे बदलून या."

"घरी गेली तं तुमचं दार बंद होईन."

"बाई, हे शोभत नाही."

"मी शोभा पाहाले नाई आली. पेपर लिवाले आली."

सर बाजूला झाले. बाईंनी माझ्या रुमालाने हात कोरडे केले, पदर कमरेला घट्ट खोचला आणि कागदावर थेंब पडू नये म्हणून मान मागे धरून तीन तास लिहिलं. बाकाखाली थारोळं झालं होतं. पोरं वळून वळून बघत होती. एकाही पोराकडे त्यांनी पाहिलं नाही. बाहेर निंबाच्या झाडाखाली सासूबाई बबनला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि ओठ हलवत होत्या. त्या म्हातारीची माया खोटी नव्हती, हे मला तेव्हाही दिसलं. म्हणून माझा राग कमी झाला असं मात्र नाही.

बाई पास झाल्या. नोकरी मिळाली, बिऱ्हाड चांद्यात राहिलं, पोरं शिकली. निकाल लागला तेव्हा सासूबाईंनी गावात घरोघर पेढे वाटले आणि नवस कसा फळला ते सांगितलं. यजमान मित्रांना सांगायचे, आईचं पुण्य. सरसुद्धा म्हणाले, कृपा झाली तुमच्यावर. मी पेढे घेऊन भेटायला गेले तर बाई पोळपाट आपटत होत्या.

"तीन घंटे भिजून पेपर मी लिवला, निर्मला. अन् पास देवी झाली!"

बाई गेल्या तेव्हा शाळेने शोकसभा घेतली. संस्थेचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की अनुसयाबाई म्हणजे शांतीची मूर्ती. घरच्यांच्या भक्कम पाठिंब्यावर शिकल्या, उभ्या आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. लोक माना डोलवत होते. जिवंतपणी कष्टांचं श्रेय लुटलं होतं, आता मेल्यावर राग पण नेला. पुढच्या रांगेतून शकू उठली. तिचेही केस पांढरे झाले होते.

"भाऊ, थांबा. माही आई शांत नव्हती. ती शांत असती तं मी आज डेपोवर लाकडाच्या साली सोलून राह्यली असती. तिनं आवाज चढवला म्हणून मी शिकली. हे लिवून घ्या."

गृहस्थ गडबडले. "ताई, दुःखाचा प्रसंग आहे. बसा, शांत व्हा."

शकू बसली नाही. मग मीही उभी राहिले.