कोयरीतल्या गोळ्या

डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत आमची गोदाअक्का म्हणायची, "समजलं, समजलं." समजलेलं काही नसायचं. ती माझी थोरली बहीण. मी तिसरीपर्यंत तरी गेलो. तिला शाळेचं दारही दिसलं नाही. वडील म्हणत, आपण फौजेतली माणसं, पोरीला शिकून काय करायचंय?

पण डोकं तिचं तल्लख. रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या, दिसायला सारख्याच. तिने एक जुनी पितळी कोयरी घासून घेतली. सकाळच्या गोळ्या हळदीच्या कप्प्यात, रात्रीच्या कुंकवाच्या. "आधी हळद, मग कुंकू. चुकेल कशी रे बाळू?" कितीतरी वर्षं चुकली नाही.

अक्काची सून नेहा इथल्या हिंदी मुलखातच शिकलेली, नोकरीवाली. इंदरगंजच्या दवाखान्यात ती डॉक्टरांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारी. बाहेर आल्यावर अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "एवढी शिकली, आणि एकदा सांगून कळत नाही मेलीला!" आम्ही दोघं पोट धरून हसलो.

गेल्या थंडीत मेहुणे गेले. तेराव्यानंतर अक्काने कोयरी उचलून सुनेच्या हातात दिली.

"अगं, गोळ्या आहेत त्यात," मी म्हटलं.

"असू देत. आता मी कोयरीला हात लावू होय?"

नेहा म्हणाली, "आई, कुछ नहीं होता, ठेवा तुमच्याजवळ." पण अक्का ऐकेल तर ना! शेवटी नेहाने बाजारातून प्लास्टिकचा डबा आणला. वारावाराचे खण, वर इंग्रजी अक्षरं. नीट समजावलं. अक्काने मान डोलावली.

होळीच्या सुमारास चहा पिताना तिच्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं झालं. डबा पाहिला तर मागच्या वारांचे काही खण भरलेलेच, पुढच्या वारांचे काही आधीच रिकामे.

इस्पितळात नेहा माझ्यापुढे रडली. "मामाजी, एक बार पूछ लेतीं ना! मी रागावले असते का?"

नसती रागावली. पण कळलं नाही असं तोंडाने म्हणायची सवय शाळेत लागते, आणि आम्ही तिथे बसलोच किती? मी कुणाच्या बापाला भीत नाही. तरी परवा डोळे दाखवायला गेलो, तेव्हा मुकाट मान डोलावून परत आलो. या वयात आता काय बदलणार?

अक्का आठवडाभरही राहिली नाही. शेवटच्या दिवशी नेहाचा पदर मुठीत धरून तिच्याकडे टक लावून बघत होती. काहीतरी विचारायचं होतं तिला. जीभच उचलेना.