थंड्या बस्त्यातली सुरमई

१६ फेब्रुवारी, रविवार. काम: फ्रीझरमधला बर्फ काढणे.

एरवी मी हे अर्ध्या तासात उरकते. या वेळी अडचण सासूबाईंची होती. सहा महिन्यांसाठी त्या पुण्याहून आमच्याकडे ईलिंगला आल्या होत्या, आणि शुक्रवारी त्या शाकाहारी बाईंना फ्रीझरमध्ये आपल्या खोबऱ्याच्या डब्याला टेकलेली माझी सुरमई सापडली. तेव्हापासून त्या माझ्या हातचं काही खाईनात. नुसती केळी. त्यात डायबेटिस. मला घोर लागला होता.

सामान कूलबॅगांत भरून मी बर्फ खरवडत होते. मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. तिच्या वर्गात अंटार्क्टिकाची परिषद भरणार होती आणि ती अर्जेंटिना झाली होती.

"आई, सात देश म्हणाले, ही जमीन आमची. आमचा आणि ब्रिटनचा तर जवळजवळ सेमच तुकडा! मग ट्रीटी केला. क्लेम कोणी सोडला नाही, पण त्यावरून भांडायचा नाही. याला मराठीत काय?"

"हक्क थंड्या बस्त्यात टाकले."

"बस्ता? काकाच्या लग्नाला साड्या घेतल्या, तो? अंटार्क्टिकाला साड्या?"

"पेंग्विनांना काठापदराच्या!" सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना केळ्याचा ठसका लागला. पाणी पिऊन विचारतात, "मग भांडण मिटलं कसं?"

"मिटला नाही, आजी. कोणी काढतच नाही. आणि कोणाचापण बेस कधीपण चेक करता येतो."

"कधीपण?" सासूबाई चष्मा लावून उठल्याच. रिकाम्या फ्रीझरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "वरचा खण माझा. खालचा तुझा, मासे घट्ट झाकणाच्या डब्यात."

"आणि मधला?" मुलीने विचारलं.

"माझा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"मधला थंड्या बस्त्यात," मुलीने निकाल दिला.

"ठीक. आता तपासणीची पाळी माझी," म्हणत मी त्यांची कूलबॅग उघडली. खोबऱ्याखाली चॉकलेट आइस्क्रीमचे चार कोन.

"अहो आई, हे काय?"

"अंटार्क्टिकात फक्त सायन्स अलाउड आहे, आजी," मुलगी म्हणाली.

"मग हे सायन्सच," सासूबाई म्हणाल्या. "शुगर किती वाढते ते बघत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपमा केला. त्यांनी दोनदा मागून घेतला. मी त्यांची शुगर तपासली, कोन मधल्या खणात हलवले आणि कामावर जायला बस पकडली.