पायरीवरची फणी

ईमेल लिस्टवरच्या मंडळींनो, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

नागपूरहून इथे अमेरिकेत आलेली माझी आई सकाळी अपार्टमेंटच्या पायरीवर उन्हात केस विंचरत बसली होती, बोटाला गुंतवळ गुंडाळत. मी खेकसलो, “आई, आत जा. इथे असं चालत नाही, लोक बघतात.”

दुपारी तिला ॲन आर्बरच्या म्युझियममध्ये नेलं. तिथे लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं लागलीत. एका चित्रात दारात बसून केस विंचरणारी बाई होती. “किती सुंदर आहे ना!” मी दोन-तीनदा तरी म्हणालो.

आई बघत राहिली. “हिला कुणी आत जा म्हटलं नाही वाटतं,” एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर तिनं फणी घेतली, बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

तिला परत पायरीवर कसं बोलवू, सांगा ना.