ताईचे दात आणि सात दिवसांची क्रूझ

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, दात बनवतात. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेतात आणि ते माप पुठ्ठ्याच्या खोक्यातून भावजींकडे येतं. त्यावरून भावजी प्लास्टरचा जबडा ओततात, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवतात आणि मेणात एकेक दात रोवतात. ही मेणाची कवळी आधी डॉक्टरांकडे जाते. रोगी ती घालून आरशात बघतो, नाक मुरडतो आणि कवळी परत येते. चौतीस वर्षं हेच चाललंय. गल्लीत सगळे त्यांना दातवाले म्हणतात.

कवळी मेणात असेपर्यंत भावजी खुशीत असतात. कारण मेणात काहीही बदलता येतं. दात जरा आत, जरा बाहेर, जरा तिरका. पण एकदा ती साच्यात घालून, मेणाच्या जागी प्लास्टिक भरून, उकळत्या पाण्यात शिजवली की संपलं. मग रडा नाहीतर हसा. त्यामुळे शिजवायच्या आधी ते तीनतीनदा बघतात. दुकानात हा गुण म्हणायचा, घरात त्यानेच ताईच्या नाकी नऊ आणले. त्यांच्या बैठकीच्या खोलीला पडदे लावायचे होते, तर रंग ठरेपर्यंत दीड वर्ष समोरच्या घरातले लोक यांचं जेवण बघत होते.

अशा माणसाला त्यांच्या लेकीने फोन करून सांगितलं, "बाबा, आमच्या ऑफिसच्या लोकांसाठी एक खोली राखून आहे. भूमध्य समुद्रातली क्रूझ. सात दिवस, पाच बंदरं. तुम्ही आणि आई जा. फक्त दोन नावं हवीत, शनिवारी दुपारी बाराच्या आत." लेक पर्यटन कंपनीत आहे आणि आपल्या बापाला ओळखून आहे. तिने तीन आठवडे आधी सांगितलं. तीन आठवडे कमी पडतील हे तिला कळायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी भावजींनी यादी सुरू केली. दुकानात प्रत्येक जबड्याबरोबर एक पिवळी चिठ्ठी येते, कोणाचा, कुठला रंग, कधी हवा. त्या चिठ्ठ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ ओढून एका अंगाला 'जावं' आणि दुसऱ्या अंगाला 'न जावं'. जावं: सामान एकदाच उघडायचं, गावं आपोआप बदलतात. न जावं: एकेका गावात आठच तास, त्यातला दीड तास रांगेत. जावं: राखेखाली गाडलं गेलेलं जुनं शहर बघायला मिळेल. न जावं: तिथे सावली नाही. जावं: ऑक्टोबरात ऊन कमी, गर्दी कमी. न जावं: ऑक्टोबरात समुद्र खवळतो. जावं: खाणं दिवसभर. न जावं: खाणं दिवसभर.

"आणि खोलीला खिडकी नाहीये," ते मला म्हणाले. "आतल्या बाजूची खोली आहे. सकाळ झाली हे कळणार कसं?"

"घड्याळ न्या की, भावजी."

"घड्याळ सांगेल सात वाजले. सकाळचे की संध्याकाळचे?"

मी पाणी खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी हो हो म्हणते, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर माझ्याकडे सहनशक्ती म्हणून काही उरत नाही. मी सरळ म्हटलं, "सकाळी ताई उठवेल तुम्हाला. चौतीस वर्षं तीच उठवतेय."

मग त्यांनी माणसं विचारायला सुरुवात केली. गल्लीतले एक निवृत्त मुख्याध्यापक क्रूझला जाऊन आले होते. भावजींनी त्यांना गाठलं, तर कळलं की तिसऱ्या दिवशी जहाज डोललं, मुख्याध्यापक कठड्यावर वाकले आणि पोटातल्या ऐवजाबरोबर वरची कवळी समुद्रात गेली. ती कवळी भावजींनीच केलेली. "काय सुरेख बसली होती ती," भावजी हळहळले आणि 'न जावं'खाली एक ओळ वाढली. आपल्याला डोललेलं सोसतं का हे बघायला ते बागेतल्या झोपाळ्यावर अर्धा तास बसून आले. दोन छोट्या मुली रांगेत उभ्या राहून कंटाळल्या आणि त्यांनी जाऊन आईला बोलावलं.

यादीची एक चिठ्ठी तर चुकून तयार कवळीच्या खोक्यात गेली. डॉक्टरांचा फोन आला. "अहो, एका बाईंच्या खोक्यात निघालंय, 'खिडकी नाही, जीव गुदमरेल, बाहेर पडायला वाव नाही.' कवळी घट्ट होईल असं म्हणायचंय का तुम्हाला?" ताईला हे सांगताना मी हसून हसून खुर्चीत कोसळले. ताईही हसली, पण हात तोंडावर धरून.

तो हात चार महिन्यांपासून तिथेच होता. ताईच्या हिरड्या गेल्या होत्या, वरचे सगळे दात काढावे लागले. हिरड्या भरून आल्या की नवी कवळी. ती करणार कोण? घरचंच काम. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांत होईल. तरी चार महिने ताई सूप आणि कुस्करलेले बटाटे खात होती, फोनवर बोलतानाही ओठ मिटून बोलत होती. मी विचारलं की म्हणायची, "होतायत. मेणात आहेत अजून."

ताईला जायचं होतं. ती मागणारी बाई नाही, तिने आयुष्यात कधी दुसरा चहा मागितला नाही. पण मला म्हणाली, "मला गावं नाही बघितली तरी चालतील गं. सात दिवस हे माझ्यासमोर बसून जेवतील. घरी जेवतात तेव्हा ताटाशेजारी जबडा असतो."

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी माझा संयम सुटला. ऑफिसातून मी थेट भावजींच्या दुकानात गेले. अरुंद दुकान, लांब टेबल, स्पिरिटचा दिवा, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. भावजी उठून एकदा दाराशी, एकदा टेबलाशी असे फेऱ्या मारत होते. बसवेना त्यांना. टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांचा ढीग होता आणि त्याच्या पलीकडे एका ओळीत मेणाच्या नऊ कवळ्या.

"हे तळ्यात मळ्यात किती दिवस चालायचं?" मी म्हटलं. "परवा बारा वाजेपर्यंत नावं द्यायचीत. एक काय ते सांगून टाका."

"समुद्राचा अंदाज अजून आलेला नाही."

"आणि ताईचे दात? त्यांचाही अंदाज यायचाय?"

ते फेऱ्या मारायचे थांबले. मग त्या नऊ कवळ्यांकडे बोट दाखवलं. "हे सगळे तिचेच आहेत."

मी एकेक बघितली. सगळ्या सुंदर होत्या. एकसारखे, सरळ, ओळीत बसलेले दात.

"पहिली घालून तिने आरशात बघितलं," भावजी म्हणाले, "आणि म्हणाली, या कोण बाई? गमतीने म्हणाली. पण खरंच, ती नव्हती ती. मग दुसरी केली. मग तिसरी. आता मी तिला दाखवतच नाही."

"तिच्या जुन्या दातांचं माप असेल ना? त्यावरून करा."

ते टेबलाच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत राहिले. दात काढायच्या आधी जुन्या दातांचा ठसा घेऊन ठेवायचा, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. अनोळखी माणसाचाही घेतात. डॉक्टरांनी ताईसाठी विचारलं होतं आणि भावजी म्हणाले होते, कशाला, मला माझ्या बायकोचे दात ठाऊक नाहीत का? "ठाऊक नव्हते," ते म्हणाले. "एवढी वर्षं रोज समोर होती आणि मला आठवत नाही ती कशी हसायची. फोटो बघितले, सगळ्यांत तोंड मिटलेलं. त्या जहाजावर चढताना म्हणे प्रत्येकाचा फोटो काढतात. सात दिवस समोर बसून जेवायचं आणि मला दिसत राहणार, की हे मी चुकीचं केलंय."

म्हणजे अडचण खिडकीची नव्हती आणि समुद्राचीही नव्हती. मला त्यांचा राग आला होता तो कुठे ठेवावा कळेना. मी म्हटलं, "डावीकडचा एक दात जरा पुढे होता तिचा."

"किती?" ते चटकन सुरी घेऊन बसले. "दुसरा की तिसरा? वळलेला की नुसता पुढे?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. सख्खी बहीण मी, एका पलंगावर वाढलो आम्ही. "जरा म्हणजे... जरा," मी म्हटलं. भावजींनी सुरी खाली ठेवली. "तिला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा सपाट होता. "यांचं काही ठरत नाही. मी लेकीला नावं देऊन टाकली. माझं आणि तुझं. चल तू माझ्याबरोबर. मला आता वाट बघवत नाही."

इथे मी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मी आजवर कधी कुठे गेलेले नाही. माझं लग्न झालं नाही, रजा घ्यायची तर घरातच घ्यायची आणि कपाटं आवरायची. मी म्हटलं, "बरं, येते." फोन ठेवला, जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून डेकवर चालायला म्हणून निळ्या पट्ट्यांचे पांढरे बूट घेऊन आले. घरात घालून खोलीभर चालून बघितले. इतकी खुश मी कधी झाले होते आठवत नाही, आणि इतकी अस्वस्थही. खुर्चीत बसले की उठावंसं वाटे, उठले की त्या नऊ कवळ्या डोळ्यांसमोर येत.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी ताईकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ठसा घेतला नाही ते, नऊ कवळ्या, आठवत नाही ते. ती भडकेल असं वाटलं होतं. तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "मला विचारायचं की." चपला घातल्या आणि निघाली. मी मागोमाग.

आम्हाला दारात बघून भावजी उभे राहिले. ताईने ओळीतली शेवटची कवळी उचलली. त्यांच्या मेणाला कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. टेबलावर गरम पाण्याचं भांडं होतं. तिने कवळीची पुढची कड त्यात क्षणभर धरली, तोंडात घातली, डोळे मिटले आणि जिभेने आतून चाचपत राहिली. मग काढली, अंगठ्याने डावीकडचा दुसरा दात ढकलला, परत घातली. मान हलवली. परत काढली, परत पाण्यात धरली. असं चार वेळा. चौथ्या वेळी तिने तो दात पुढे ढकलून थोडा वळवला, शेजारच्या दातावर चढवला.

"हा," ती डोळे मिटूनच म्हणाली. "जीभ इथे अडायची माझी."

तिने डोळे उघडले आणि भावजींकडे बघून हसली. हात वर आला नाही. त्या वाकड्या दातामुळे ओठ एका बाजूला जरा जास्त वर गेला आणि मी जागच्या जागी ओरडले, "ताई! अशीच हसायचीस तू!" मला रडू फुटलं. एवढी साधी गोष्ट मी कशी विसरले होते?

भावजी तिच्याकडे नुसते बघत होते. हातात सुरी नव्हती, समोर चिठ्ठी नव्हती. बघता बघता ते स्टुलावर बसले, आणि त्या तीन आठवड्यांत ते पाय न हलवता बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग एकदम भानावर येऊन त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेबारा.

"नावं," ते म्हणाले. "लेकीला नावं द्यायची होती."

"दिली काल," ताई म्हणाली. "माझं आणि हिचं."

मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील, खिडकी नाही म्हणतील, समुद्र खवळतो म्हणतील. ते म्हणाले, "बरं." ताईच्या तोंडातून कवळी अलगद काढून घेतली, ओल्या कापडावर ठेवली आणि तो वाकडा दात हलू नये म्हणून त्याच्या मुळाशी गरम मेणाचा थेंब सोडायला लागले. ताई त्यांच्याकडे बघत होती आणि ते कवळीकडे.

मी दुकानाच्या बाहेर आले. फुटपाथवर उभी राहून भाचीला फोन लावला.

"माझं नाव काढ," मी म्हटलं. "बाबांचं घाल."

"बाबा तयार झाले? काय सांगतेस मावशी!"

"त्यांना विचारू नकोस. विचारलंस तर यादी करतील. नुसतं घाल."

तिला माझ्या बुटांची खबर होती, आदल्या दिवशी मीच फोटो पाठवला होता. "मावशी, नक्की ना?"

काचेतून आत दिसत होतं. ताईने टेबलावरचा पिवळ्या चिठ्ठ्यांचा ढीग उचलून केराच्या डब्यात टाकला होता आणि भावजींनी तिला अडवलं नव्हतं.

"नक्की नाही," मी म्हटलं. "पण घाल. बारा वाजायला आलेत."

ऑक्टोबरात ते दोघं गेले. बूट मी परत केले नाहीत. ते घालून ऑफिसला जाते.